एकदाच विचारलेलं

सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडायला गेले आणि हात मागं घेतला. बाहेर काही उरलंच नव्हतं. समोरची इमारत गायब, तिच्या खालचं बकाला, म्हणजे वाण्याचं दुकान, गायब, रस्त्यापलीकडच्या मॉलची एवढी मोठी पाटी, तीही गायब. काचेला टेकून उभा राहिलेला नुसता तांबूस धुरळा. या धुळीला इथं तोज म्हणतात. जून लागला की वाळवंटाकडून वारा सुटतो आणि ही बया येते, दोन दिवस राहते, कधी चार. चोवीस वर्षं मी हिच्याशी भांडतेय. खिडक्यांच्या फटीत ओली फडकी कोंबायची, दाराखाली जुना टॉवेल सारायचा, पिठाच्या डब्यावर दुहेरी झाकण घालायचं. तरी संध्याकाळी फळीवर बोटानं नाव लिहावं एवढी धूळ साचतेच. कुठून शिरते काय की बाई.

यंदा मी फडकी कोंबली नाहीत. फळीवर डबेच नाहीत. कुवेतमधल्या एगैलातलं हे घर आम्ही रिकामं करायला काढलंय, आणि अर्ध्या भरलेल्या खोक्यांमध्ये बसून मी धूळ आत येताना बघतेय. गेल्या वर्षीची धूळ आठवतेय. तीही अशीच जूनमधली, अशीच न विचारता आलेली.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं समजेल. माझा चटकन कशावर विश्वास बसत नाही. आमच्या परभणीकडं उन्हाळ्यात नगरपालिकेचा टँकर येणार म्हणून दवंडी व्हायची, आम्ही पोरी घागरी मांडून बसायचो, आणि टँकर यायचा तिसऱ्या दिवशी. असं दहा-बारा उन्हाळे झाले की माणसाचा स्वभाव होतो. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. मी पाणीसुद्धा फुंकून पिते. दुकानात वजनकाटा बघते, डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरला दाखवते, आणि कुणी विनाकारण गोड बोललं की माझ्या मनात पाल चुकचुकलीच म्हणून समजा.

तर गेल्या जूनमध्ये, अशाच तोजच्या दिवशी, हे ऑफिसातून आले. हे म्हणजे आमचे हे. एका विमा कंपनीत संगणकाचं बघतात. बघायचे. दारात बूट झटकले, तोंडावरचा मास्क काढला आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "सुनंदा, या सुट्टीत श्रीलंकेला जाऊ. तीन आठवडे. पाठीवर सॅक टाकायची आणि फिरायचं. हॉटेल-बिटेल ठरवायचं नाही."

आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय, म्हणून मी खिडकीकडं पाहिलं. हा माणूस लग्नाला जायचं तर तिथल्या उशा कशा आहेत ते आधी फोनवर विचारणारा. चोवीस वर्षांत आमची सुट्टी म्हणजे परभणी आणि पुणे, पुणे आणि परभणी. चार बॅगा, त्यांना दोरी, दोरीवर गाठ, गाठीवर चिकटपट्टी, आणि चारही बाजूंनी मार्करनं मोठ्या अक्षरात नाव. दारामागं वजनाचा हूक टांगलेला. तो हातात धरून हे प्रत्येक बॅग उचलायचे, तोंड लाल करायचे आणि म्हणायचे, "अर्धा किलो काढ." कुवेतमधल्या कुठल्याही आपल्या घरात जून महिन्यात हाच देखावा. आणि आता हा माणूस म्हणतो सॅक!

कुठंतरी पाणी मुरतंय, हे मला त्याच मिनिटाला कळलं. कुठं मुरतंय ते शोधायला मात्र चार दिवस लागले.

आधी वाटलं, आजार. मोठा काहीतरी, आणि लपवतायत. हे अंघोळीला गेले की मी औषधांचा खण उघडायची. तर तिथं रक्तदाबाच्या त्याच गुलाबी गोळ्या, हव्या तेवढ्याच उरलेल्या. मग अर्धा दिवस दुसरी शंका घेतली. बाई! खरंच सांगते, प्रामाणिकपणे अर्धा दिवस घेतली. पण ज्या माणसाला स्वतःच्या मोज्याची जोडी सापडत नाही, त्याला दुसरी बाई कुठून सापडणार, म्हणून ती सोडून दिली. उरली तिसरी, आणि ती सोडून देता येईना. पुढच्या वर्षी यांना साठ वर्षं पूर्ण होणार होती. यांनी मनातल्या मनात कुवेत गुंडाळायचं ठरवलंय आणि मला गोड बोलून आधी कुठंतरी फिरवून आणायचा बेत आहे. बळीच्या बकऱ्याला आधी हार घालतात, तसं.

इथं बाहेरून आलेल्या कुणाचंही राहणं इकाम्यावर असतं, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर. यांचा इकामा नोकरीवर आणि माझा यांच्यावर. यांनी सही केली की दोघांचा संपला. चोवीस वर्षं राहिलेल्या घराचं भवितव्य नवऱ्याच्या एका सहीत असतं, हे आम्हा बायकांना पाठ असतं, पण आम्ही ते मोठ्यानं म्हणत नाही.

आणि मला जायचं नव्हतं. आता लिहायला काय हरकत आहे, लिहिते. मला इथून जायचं नव्हतं. लोकांना वाटतं गल्फमधली बाई म्हणजे दिवस मोजत बसलेली. पहिली दोन वर्षं मोजले मीही. मग शुक्रवारच्या सुट्टीच्या सकाळी हॉलमध्ये सतरंजी टाकून मी मराठीचा वर्ग सुरू केला. एगैला, फिंतास, पार सबाह अल-सालेमहून पोरं यायची. मी विचारायची, "आज डब्यात काय आणलंस?" आणि उत्तर यायचं, "मिस, माझ्याकडे पोहे आहेत." मी म्हणायची, पोहे काय तुझ्याकडं नोकरीला आहेत का? पोरं हसायची आणि पुढच्या शुक्रवारी तेच म्हणायची. त्यातली चार-पाच पोरं आज आजीशी फोनवर न अडखळता बोलतात. हे मी केलेलं आहे. परभणीत मी कुणाची तरी मुलगी, पुण्यात कुणाची तरी सून. इथं मी सुनंदा मिस.

आणि रझियाभाभी. आमच्याच मजल्यावर राहतात, रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या. नवऱ्याचं पडद्यांच्या कापडाचं दुकान. आमची ओळख खोबरं खवण्याच्या विळीवरून झाली. त्यांची तुटली होती, माझ्याकडं होती पण मला नीट खवता येत नव्हतं. सॅकची बातमी मी आधी त्यांनाच सांगितली. त्या मासे साफ करत होत्या. हात तसाच वर धरून म्हणाल्या, "अगो सुनंदा, या वयात पाठीवर बोचकी? कोनी सांगितलान हे? घोवाला विचारलंस काय, कशासाठी जायचं ते?"

"विचारलं. म्हणाले, सहज."

"सहज कोन जात नाय," भाभी म्हणाल्या आणि पुन्हा माशाकडं वळल्या.

बघा, म्हणजे मी एकटीच नव्हते.

बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री, त्यात तोज. त्यामुळं आमचा चालायचा सराव मॉलमध्ये झाला. पाठीवर भरलेल्या सॅका घेऊन आम्ही दोघं संगमरवरी फरशीवरून चपलांच्या दुकानापासून आइस्क्रीमच्या दुकानापर्यंत जायचो आणि परत फिरायचो. तिथला पहारेकरी पहिल्या दिवशी मागं-मागं आला, दुसऱ्या दिवशी लांबून बघत राहिला, तिसऱ्या दिवशी त्यानं सलाम केला. ओळखीचं कुणी दिसलं की मी सॅक काढून खांबाआड ठेवायची. हे मात्र ऐटीत चालायचे. टोरांटोहून लेकीचा फोन आला, तर ती म्हणाली, "आई, धिस इज सो क्यूट! जस्ट गो विथ द फ्लो." मी म्हणलं, वाहून जायला मी काय पालापाचोळा आहे का?

सॅकमध्ये माणशी सात किलो, असा यांचा नियम. मी यांच्यासमोर सात किलो भरलं आणि यांच्यामागं दोन किलो काढून दुसरं भरलं. काय काढलं, तर माझे कपडे. काय भरलं, तर खजूर, पिस्ते, दोन सुगंधी साबण आणि दुधाच्या पावडरीचं पाकीट. विमान वर गेलं, खाली वाळू दिसेनाशी झाली, आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई, हे कुणासाठी? त्या देशात आपल्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही! चोवीस वर्षं कुवेतहून विमान म्हणजे कुणाच्या तरी हातावर काहीतरी ठेवायचं, एवढंच अंगात मुरलेलं. मी यांच्याकडं हळूच पाहिलं. हे झोपले होते, किंवा झोपल्यासारखं करत होते.

श्रीलंकेत उतरल्यावर पहिले तीन दिवस मी नुसती बावचळलेली होते. एवढा हिरवा रंग! भिंतीवर हिरवा, विजेच्या तारेवर हिरवा, बंद पडलेल्या गाडीच्या टपावर हिरवा. जिथं बघावं तिथं पाणी. रस्त्याकडेला पाणी, भातात पाणी, देवळाच्या पायरीवर पाणी, आणि त्याला राखणारं कुणी नाही. आमच्याकडं एवढ्या पाण्यावर दोन खून पडले असते. आणि ते लोक हसत. बसमध्ये चढलं की हसत, उतरलं की हसत, चुकीच्या स्टॉपवर उतरलो तर आणखीच हसत. एवढं हसायला झालंय काय यांना? मी सॅकची चेन पुढं घेऊन दोन्ही हातांनी धरायची. पाण्याच्या बाटलीचं झाकण कानाशी नेऊन फिरवायची, ‘कट्’ वाजलं तरच प्यायची. एका म्हाताऱ्यानं बसमध्ये मला आपली जागा दिली, तर मी आधी ती जागा तपासली.

बसच्या काचेवर देवांच्या तसबिरींना दिव्यांची माळ, गाणी एवढी मोठ्यानं की छाती हादरावी, आणि ड्रायव्हर एका हातानं चालवतोय. हे खिडकीतून तोंड बाहेर काढून वारा खात बसलेले. केस उडतायत, उरलेत तेवढे. मी या माणसाला असं बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं.

आणि माझा खरा संशय तर यांच्यावरच होता. माणूस बदलला होता हो. ओढ्यात बसून स्वतःचा शर्ट स्वतः धुतला. सकाळी उठून मला काळा चहा आणून दिला, साखर बरोबर घालून. म्हणजे इतकी वर्षं माहीत होती! डोंगराच्या चढावर मी दमले तर माझी सॅक आपल्या पोटावर घेतली. पुढं एक मागं एक अशा सॅका घेऊन हे चालतायत आणि गावातली पोरं बघतायत. जेवायला केळीच्या पानावर भात, चार तऱ्हेच्या भाज्या आणि खोबऱ्याची लाल चटणी आली, तर हे म्हणाले, "तुला तिखट लागेल, थोडी बाजूला काढतो." एकतीस वर्षांत कधी नाही ते. दुसरी एखादी बाई हरखून गेली असती. मी मात्र प्रत्येक गोष्ट मनात टिपत होते. शर्ट धुतला. चहा दिला. चटणी काढली. एवढं गोड चाललंय म्हणजे शेवटी काय सांगणार आहे हा माणूस? मी रोज वाट बघायची आणि रोज हे काहीच बोलायचे नाहीत. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत.

आता या खोक्यांमध्ये बसल्यावर ते दिवस आठवतात आणि माझाच मला राग येतो. तीन आठवडे मी हिरवळीत फिरले आणि सगळा वेळ चोर पकडत होते. केशरी शहाळ्याचं पाणी गोड होतं का, हे विचारलं तर मला सांगता येणार नाही. ते देणाऱ्यानं आधीच भोक पाडून ठेवलं होतं का, ते मात्र सांगता येईल. नव्हतं पाडलं.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही पूर्व किनाऱ्यावर गेलो. खाडीच्या काठावर एका बाईचं घर, त्यातली एक खोली पाहुण्यांसाठी. बाईंचं नाव मंगलिका. माझ्याच वयाच्या, अंगानं बारीक, केसांचा घट्ट अंबाडा. यांनी पासपोर्ट पुढं केले आणि कुवेत म्हणून सांगितलं, तर बाईंच्या हातातला पेला थांबला.

"तुम कुवेत? मैं भी कुवेत! चौदा साल. रुमैथिया. एक ही घर में."

गल्फमध्ये सगळे बोलतात तसली हिंदी. मला काय वाटलं सांगू? वाटलं, प्रत्येक गिऱ्हाइकाला असंच सांगत असेल. दुबईचा आला की दुबई, मस्कतचा आला की मस्कत. मी लगेच उलटतपासणी सुरू केली. रुमैथियात मोठं सरकारी वाणसामानाचं दुकान आहे, ते कुठं? बाईंनी डोळे मिटले आणि हातांनी हवेत रस्ता काढायला लागल्या. हे घर, इथून डावीकडं, ही मशीद, पुढं शाळा, शाळेपुढं दोन खजुराची झाडं, त्यातलं एक वाळलेलं, मग दुकान. दुकानाच्या मागच्या दारानं जायचं, कारण पुढं गाड्या फार. मी कधी मागच्या दारानं गेले नव्हते, पण ते झाड मी पाहिलंय. ते वाळलेलंच आहे.

संध्याकाळच्या स्वयंपाकाला मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या नारळ खवत होत्या, खाली न बघता. त्यांनी तीन मुलं वाढवली होती तिथं, स्वतःची दोन इथं आईकडं ठेवून. "छोटा बेबी मेरे साथ सोता था. अब उसका शादी हो गया होगा. मेरे को मालूम नहीं," असं म्हणाल्या आणि खवणं चालूच ठेवलं. मी विचारलं, मग परत का आलात?

"बच्चा लोग बडा हो गया. मॅडम बोला, इकामा खलास, ये टिकट. मेरे को कोई पूछा नहीं, मंगलिका, तुम जाने को मंगता कि रहने को मंगता."

"पूछता तो क्या बोलती?"

त्यांनी करवंटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "पूछता तो मालूम पडता."

मी उठले, खोलीत गेले आणि सॅकच्या तळाशी हात घालून खजुराचं पाकीट, पिस्ते, साबण, दुधाची पावडर, सगळं काढून आणलं. हे दारात उभे होते, बघत होते. मला वाटलं, आता सात किलोंवरून बोलणार. उलट बाजूला सरकून त्यांनी मला वाट दिली. मंगलिकांनी पाकीट फोडलं नाही, आधी नाकाशी धरलं. "कुवेत," एवढंच म्हणाल्या. मग आमच्या समोरच त्यांना रडू आलं, आणि मलाही आलं. मला का आलं ते त्यांना वाटलं त्यापेक्षा वेगळं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही खाडीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. पाणी अगदी स्थिर होतं. हे खिशातून एक घडी केलेला कागद काढताना दिसले. आला म्हणलं, आता क्षण आला.

"कंपनीनं विचारलंय," हे म्हणाले. "साठीनंतर आणखी तीन वर्षं देतायत. नको असेल तर पुढच्या जूनमध्ये मोकळं करतील. माझ्या जागेवरचा माणूस तयार करायला त्यांना वर्ष लागतं, म्हणून आत्ताच उत्तर हवंय. परत गेलो की द्यायचंय." मग पाण्याकडं बघत म्हणाले, "तुला काय वाटतं? राहायचं का जायचं?"

देवाशप्पथ सांगते, माझ्या ओठांवर ‘राहायचं’ हा शब्द आला होता. पण त्याच्या आधी संशय आला. या माणसानं मला कधी विचारलंय? कुवेतला आलो तेव्हा व्हिसाचा शिक्का घेऊन घरी आले आणि म्हणाले, पुढच्या महिन्यात निघायचंय. लेकीची शाळा यांनी ठरवली. हॉलचे पडदे, तेसुद्धा रझियाभाभींच्या नवऱ्याच्या दुकानात जाऊन एकट्यानं ठरवून आले, चॉकलेटी. आणि आता अचानक विचारतायत, तेही एवढ्या लांब आणून? म्हणजे ठरवलेलं आहे. जायचंच ठरवलंय. माझ्या तोंडून वदवून घ्यायचंय, म्हणजे उद्या मी रडले तर म्हणता येईल, तूच म्हणाली होतीस. आणि मी राहायचं म्हणाले, तर यांचं तोंड पडेल, मग तीन वर्षं ते पडलेलं तोंड मी बघायचं.

शिवाय दुसरंही काहीतरी होतं, आणि ते फक्त आपल्याकडच्या बायकांनाच कळेल. आम्हाला पहिल्या विचारण्याला हो म्हणायला शिकवलेलंच नाही. पंगतीत वाढणारी ‘जिलबी?’ म्हणाली की पानावर हात आडवा धरायचा. ‘घ्या हो’ म्हणाली की ‘नको, खरंच नको.’ तिसऱ्यांदा ती वाकून वाढायला लागली की हात काढायचा. पहिल्यांदाच पान पुढं करणारीला आमच्याकडं हावरी म्हणतात. आग्रह झाल्याशिवाय इच्छा सांगायची नाही, हे आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं. मोठं काही असलं तर आणखीच मोठा नकार द्यायचा.

म्हणून मी म्हणलं, "माझं काय मेलं? तुम्हाला हवं तसं करा."

आणि मी वाट बघितली. हे म्हणतील, असं कसं, तुझं सांग. मग मी म्हणेन, तुम्हीच ठरवा. मग हे तिसऱ्यांदा विचारतील आणि मी हात काढेन. पलीकडच्या काठावर एक घोरपड पाण्यात उतरली, सरळ रेघ मारत अलीकडं आली, आणि आमच्यापासून दहा हातांवर वर चढून झुडपात गेली. तेवढा वेळ मी दिला. हे कागदाची घडी घालत होते.

"बरं," हे म्हणाले.

बस. एकदाच विचारलं आणि बरं म्हणाले! मला तर चिडच आली. म्हणलं, बघा, ठरलेलंच होतं, विचारायचं नाटक होतं नुसतं. माझा संशय खरा निघाला, याचं मला खोटं कशाला सांगू, थोडं समाधानसुद्धा वाटलं.

परत आल्यावर यांनी कंपनीला नको म्हणून कळवलं. मला जेवताना सांगितलं. मी आमटी वाढत होते, म्हणलं, "बरं झालं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि आमटी ओरपायला लागले.

त्यानंतर वर्षभर आम्ही जाण्याच्या तयारीबद्दल बोललो, जाण्याबद्दल कधी बोललो नाही. पुण्याच्या घराला रंग कुठला, सोफा विकायचा का न्यायचा, गॅसचं कनेक्शन कुणाच्या नावावर. हे खुशीत दिसायचे, निदान मला तसं वाटायचं, म्हणून मी पण खुशीत दिसायची. एप्रिलमध्ये मी वर्ग बंद केला. शेवटच्या शुक्रवारी एका मुलीनं विचारलं, "मिस, हू विल टीच अस नाऊ?" मी म्हणलं, मराठीत विचार. तिनं डोकं खाजवलं आणि म्हणाली, "मिस, तुम्ही का जाता?" एकही चूक नाही वाक्यात. मी तिला शाबासकी दिली आणि आत जाऊन नळ सोडून उभी राहिले. कढीपत्त्याची कुंडी रझियाभाभींकडं गेली. त्यांनी तीन वेळा विचारलं, "अगो, पन तुला जायचंय काय?" तीन वेळा! आणि त्यांना मी तिन्ही वेळा हसून म्हणाले, जायलाच हवं हो कधीतरी.

गेल्या आठवड्यात आमचे इकामे रद्द झाले. आता मागं फिरता येत नाही.

आणि आज ही तोज. ऑफिस नाही, बाहेर जायची सोय नाही, म्हणून सकाळपासून हे बशा वर्तमानपत्रात गुंडाळतायत आणि मी खोक्यावर चिकटपट्टी लावतेय. खिडकीच्या चौकटीवर धूळ दिसायला लागली होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणलं, "चला, पुण्याला ही धूळ तरी नसेल."

"हं," हे म्हणाले. मग जरा वेळानं, बशी गुंडाळता गुंडाळता, "मला चालली असती."

"काय?"

"धूळ. आणखी तीन वर्षं."

मी चिकटपट्टी खाली ठेवली. "म्हणजे? तुम्हाला जायचं होतं ना?"

"मला?" यांनी वर पाहिलं. "तुला जायचं होतं. तुझी बहीण तिकडं, तुझी माणसं तिकडं. चोवीस वर्षं इथं चार भिंतीत ठेवलं तुला, म्हणलं आता तरी हिच्या मनासारखं होऊ दे."

"मी कधी म्हणाले मला जायचंय म्हणून?"

"राहायचंय असंही नाही म्हणालीस. विचारलं होतं मी."

"ठरवून विचारलं होतं तुम्ही! नाहीतर एवढ्या लांब कशाला नेलंत मला?"

हे बशीकडं बघत बसले. "इथं विचारलं असतं तर तू उठून स्वयंपाकघरात गेली असतीस," ते म्हणाले. "नेहमी जातेस. मी काही विचारायला लागलो की तुझा कुकर होतो. म्हणून म्हणलं, जिथं स्वयंपाकघर नसेल अशा ठिकाणी न्यावं. हॉटेलातसुद्धा तू फोन घेऊन बसली असतीस. तिथंही दहा-बारा दिवस हिंमत गोळा करत होतो. आणि तू म्हणालीस, माझं काय मेलं."

शर्ट, चहा, चटणी, सगळं एकदम समोर आलं. मग मला राग आला, असा राग आला की काय सांगू. "अहो, पण एकदाच विचारलंत!"

"कितीदा विचारायचं असतं?" ते म्हणाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

आणि एवढं होऊनही, ऐका, एवढं होऊनही माझ्या मनात पहिलं काय आलं? की मला बरं वाटावं म्हणून बोलतायत. आता काही बदलत नाही, तर बोलायला काय जातं. मी यांच्या तोंडाकडं बघत राहिले. एकतीस वर्षं मी या तोंडावर खोटं शोधलंय. भुवयांवर धूळ बसली होती, डोळे लाल झाले होते, आणि ते धुळीनं झाले होते की कशानं ते मला कळत नव्हतं. तेव्हा मी ठरवलं, की नाही शोधायचं.

"परत विचारा," मी म्हणलं.

"आता काय उपयोग, सुनंदा? इकामे रद्द झाले."

"तरी विचारा."

हे उठले नाहीत. मांडीवर बशी, हातात वर्तमानपत्र, तसेच बसून त्यांनी विचारलं, "राहायचं का जायचं?"

"राहायचं," मी म्हणलं. पहिल्या विचारण्यालाच म्हणलं.

"मला पण," ते म्हणाले. मग त्यांनी बशी कागदात गुंडाळली आणि खोक्यात ठेवली. अजून सहा बशा उरल्या होत्या, त्या मी पुढं केल्या. गुरुवारी आमचं विमान आहे.